कुजणं वरून येतं

पेणजवळची धरमतरची खाडी असो की रोह्याची कुंडलिका, काठावर कुजत पडलेली लाकडी होडी दिसली की आपण सहज म्हणतो, ‘खाऱ्या पाण्याने खाल्ली.’ प्रत्यक्षात मीठ लाकूड टिकवतं. कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी लागतं, आणि ते जूनपासून आभाळातून फुकट येतं. म्हणून तर पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारतात. (लाकूड पोखरणारे समुद्री किडे वेगळे, ते खालून येतात.)

या बुरशीने जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराची फजिती केली आहे. १८१० साली इंग्लंडात डेप्टफर्डला ‘क्वीन शार्लट’ ही शंभरावर तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली आणि लढाई पाहण्याआधीच आतून कुजली. बुरशी ओळखायला जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला बोलवावं लागलं. उलट १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ बांधली. ती दुरुस्त होत होत आज हार्टलपूलला तरंगते आहे. सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं. बुरशीला ते मानवत नाही.

साग मात्र सगळ्यांना कुठून मिळणार? आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं, पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेच्या अशा झाडांना हात लावायला मनाई आहे. फार जुनं झाड असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. मला हे वाचून सुताराची काळजी वाटते, कारण फार जुनं झाड पोटात बऱ्याचदा पोकळ निघतं.

दुरुस्तीचा नियम तेव्हाही तोच, आताही तोच. फळीवर हातोडी टकटक करत जायचं. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. काळं पडलं तेवढंच कापून भागत नाही, कारण बुरशीचे तंतू चांगल्या दिसणाऱ्या लाकडातही पुढे गेलेले असतात. कोरड्या, निरोगी लाकडापर्यंत मागे यायचं, लांब तिरपा काप घ्यायचा आणि नवा तुकडा सांधायचा.

आता स्वस्त उपाय म्हणजे वरून फायबरचा थर. आमच्या धंद्यात जुन्या कोडवर नवी स्क्रीन चढवतात, तसंच. लाकूड आधी पूर्ण वाळवलं नसेल, तर ओल आतच कोंडते. बाहेरून होडी नवी दिसते आणि हातोडीचा आवाजही मग नीट सांगत नाही. त्यापेक्षा दोन फळ्या बदलायला पैसे नसतील, तर वर्षभर ती शाकारून ठेवलेली बरी.