दारफळणीचा सण

भंडाऱ्याच्या बांधीत हलकं धान पिवळं पडायला लागलं की जो वास सुटतो, तो नाकात भरून घ्या आणि डोळे मिटा. आता उघडा. वास तोच आहे, फक्त त्यात खारा वारा मिसळलाय. तुम्ही दोन-अडीचशे वर्षं मागे, अलिबागजवळच्या नवगावात उभे आहात. इथे धानाला भात म्हणतात, एवढं ध्यानात ठेवा.

करकर ऐकू येतेय ना? तो तेलाचा घाणा. बैल गोल फिरतोय, पायाखाली पेंडीचा भुगा, अंगाला तेलकट घाम. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून गाव यांना शनवार तेली म्हणतं. बोलणं मात्र अस्सल कोकणी वळणाचं.

यहुदी पंचांगात हा तिश्री महिना. नाव बॅबिलोनहून आलेलं. या ओसरीवर ते तुमच्या कानावर पडायचं नाही. इथे महिना सणांनी मोजतात: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण. हजारो कोसांवरचा धर्म या घरांनी असा मराठीत जपला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज चौथा दिवस, खिरीचा. चुलीपाशी सरकून बसा. धुरानं डोळे चुरचुरतील, पण उठू नका. नव्या तांदळात नारळाचं दूध पडतंय, गूळ विरघळतोय, कडेनं बुडबुडे फुटताहेत. निखाऱ्यांवर ऊद पडला आणि घरातले वडीलधारे ‘शेमा’ म्हणू लागले. बाकीच्या प्रार्थना विसरल्या, पण ही पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिली. घ्या वाटी. जपून, जीभ भाजेल.

आता नवव्या दिवसाची संध्याकाळ. आधी कढत पाण्यानं अंघोळ, मग गार पाण्यानं. पांढरी धुवट वस्त्रं अंगावर चढली आणि दार लागलं. उद्या दिवस मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्याशी बोलणं नाही, शिवणं नाही. दार फळलं म्हणजे फळलं!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमचा घसा कोरडा पडतो. आश्विनातलं ऊन छपरातून खाली उतरतं, माणसं दाटीवाटीनं बसलेली, शेणानं सारवलेली जमीन तेवढी गार. घरातले पितर आज भेटीला आलेत, अशी इथली श्रद्धा आहे. कारवीच्या कुडाला एक फट आहे, तिथे डोळा लावा. बाहेर ढोल वाजतोय, लोक आपट्याची पानं वाटताहेत. दसरा आहे! दाराच्या एका बाजूला सोनं लुटणं, दुसऱ्या बाजूला कडकडीत उपास, आणि गाव एकच.

उद्या शिळा सण. पितर परत निघतील, दार सताड उघडेल, गोरगरिबांना दान जाईल, सोयऱ्यांकडे जाणं-येणं सुरू होईल.

दसरा आणि दारफळणीची ही सांगड मनानं जुळवलेली नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि दोन्हींत अधिक महिना येतो, म्हणून तिश्रीची दहावी तिथी बऱ्याच वर्षी दसऱ्याच्या आसपास पडते. 2022 आणि 2024 साली दसरा आणि योम किप्पूर, म्हणजे हाच दारफळणीचा सण, एकाच दिवशी आले होते.