दोन वर्ग, एक माप

कंपनी आपलेच शेअर परत विकत घेते, तेव्हां भाव केवळ मालमत्तेचा द्यावा कीं मताधिकाराचाहि? अमेरिकेंतील बर्कशायर हॅथवेनें १९९६ मध्यें लहान गुंतवणूकदारांसाठीं ‘ब’ वर्ग काढला. २०१० पासून ‘ब’ शेअरला ‘अ’च्या मालमत्तेचा १,५००वा हिस्सा आहे, मताचा मात्र १०,०००वा. जादा भाव दिल्यास मागें राहणाऱ्यांचा तोटा. म्हणून २०११ च्या ठरावानें दोन्ही वर्गांस एकच मर्यादा घातली : हिशेबवहींतील मूल्याच्या ११० टक्के. मताला वेगळें मोल नव्हतें. २०१२ मध्यें मर्यादा १२० टक्के झाली. २०१८ मध्यें ती काढून भावाचा निर्णय वॉरन बफे व चार्ली मंगर यांच्या अंदाजावर सोपविला. वहींत पडताळतां येणारें माप गेलें. भागधारकांस आधार उरला तो चालकांच्या विवेकाचा.