बेत आपला, कात्री आपली



दर महिन्याला एक कपडा आपल्या हाताने शिवायचा, आणि वर्ष संपताना एकमेकांवर शोभतील असे बारा कपडे पेटीत असायचे, असा बेत आम्ही काहीजणींनी आखला आहे. कुणी म्हणेल, ही नवीन हौस. पण कोल्हापूर भागात आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरचे कपडे कसे तयार व्हायचे हे पाहिलं, तर यात नवीन फारसं नाही. आज त्याचाच इतिहास थोडक्यात सांगतो.

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, बेतणे. कापड मापाने मांडून कापणं म्हणजे बेतणं. आणि पुढच्या कामाचा विचार ठरवणं म्हणजे बेत. शिवणकामात ही दोन्ही कामं एकच बाई करायची, तो काळ आधी पाहू.

आपल्याकडे नऊवारी लुगडं आणि गाठीची चोळी असा वेश होता. लुगड्याला शिलाई लागत नाही. शिवायची ती चोळी. तिच्यासाठी लागायचा खण. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड, दोन्ही बाजूंना काठ असलेलं. गुळेदगुड्डचा खण आणि इरकलचं लुगडं ही जोडी आपल्या भागात घरोघर होती. ही दोन्ही गावं आजच्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. इरकल लुगड्याचं अंग हिरवं असो, निळं असो की काळं, पदर मात्र बहुधा लालच. त्यामुळे पदराच्या रंगाला धरून घेतलेला एक खण दोन-तीन लुगड्यांवर चालायचा. आज आपण ज्याला मॅचिंग म्हणतो, ते विणकरानेच करून ठेवलं होतं. पेटीत कपडे थोडे, पण एकावर एक जाणारे.

जुनी चोळी मापाला ठेवून नवा खण बेतायचा. काठ बाहीच्या टोकाला येईल असं पाहायचं. खण मोजकाच असल्यामुळे तुकडा वाया घालवायची सोय नव्हती. गाठीच्या चोळीला ना हूक, ना बटण. सुई, दोरा आणि कात्री एवढ्यावर काम भागायचं. उरलेल्या चिंध्या आणि विरलेलं लुगडं गोधडीत जायचं. वर्षाचे कपडेही एकदम येत नसत. पाडवा, गौरी, दिवाळी, संक्रांत, माहेरची ओटी, असे ते एकेक करून येत. संत नामदेवांच्या शिंपी समाजात शिवण हा पिढीजात धंदा होता. पण स्वतःची साधी चोळी बेतणं हे पुष्कळ बायकांना घरीच येत होतं.

मग दोन गोष्टी बदलल्या. कापड बदललं आणि शिलाई बदलली.

1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तिथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला हात दिला. दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूत आणि कापडाची गिरणी सुरू केली. ती पुढे शाहू मिल म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसली. कापड आपल्याच भागात, यंत्रावर तयार होऊ लागलं.

शिलाई मशीन त्याच्या आधीच निघालं होतं. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. मशीन महाग, म्हणून त्यांच्या कंपनीने ते हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. बचत गटातल्या आपल्याला हप्त्याचं मोल वेगळं सांगायला नको! आपल्या देशात 1930 नंतरच्या वर्षांत कलकत्त्यात उषा मशीन बनू लागलं.

हळूहळू गाठीच्या चोळीच्या जागी हुकांचा ब्लाऊज आला. त्याला मुंढा हवा, टक्स हवेत, गळ्याचा आकार हवा. चोळीसारखा तो अंदाजाने जमेना. मशीन टेलरच्या दुकानात होतं आणि मापाची पट्टी टेलरच्या गळ्यात. काजं करणं, हूक लावणं, हातशिलाई घालणं ही कामं बायकांकडे राहिली, पण बेतणं मास्तरकडे गेलं. आमच्या मते शिवणाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. सुई आपल्या हातात राहिली, कात्री गेली.

ती परत मिळवून द्यायचे प्रयत्नही झाले. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणही शिकवत. विधवा, टाकलेल्या, आधार नसलेल्या बायकांना दोन पैसे स्वतःचे मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता. पुढे शिवणाचे वर्ग गावोगाव पोचले.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. इंग्लंडात तर 1941 पासून कपड्यांना कुपनं होती, पहिल्या वर्षी माणशी 66. नवा कपडा घ्यायचा तर पैशांबरोबर कुपनंही मोजायची. वर्षाचे कपडे आधी ठरवणं आणि जुन्यातून नवं करणं तिथल्या बायकांना भाग पडलं. आपल्याकडे त्याच सुमारास कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलंच. फाळणीनंतर त्या जागी सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नसराईत बस्ता बांधायला जातो.

आज कापड भरपूर आहे, मशीनही घरोघर पोचलंय. तरी कात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात एक बाई दिवसभर नुसत्या कॉलरी जोडते, दुसरी नुसते खिसे. मजुरी नगावर. कापड बेततो तो कटिंग मास्तर, आणि त्याचा दर वेगळा. शेकडो शर्टांना हात लावलेल्या बाईला एक अख्खा शर्ट बेतता येतोच असं नाही. गावातही आपण फॉल-पिको करतो, आणि स्वतःचा ब्लाऊज मात्र शिलाई देऊन दुसरीकडून शिवून घेतो.

म्हणून महिन्याला एक कपडा, पण पहिल्या मापापासून शेवटच्या हुकापर्यंत आपला. सुरुवात परकराने करावी, कारण त्यात सरळ शिलाई असते. मग साधा ब्लाऊज, मग अस्तराचा, मग कुडता. पहिला ब्लाऊज जुन्या साडीच्या कापडातून बेतून पाहावा, म्हणजे चुकला तरी जिवाला लागत नाही. शिलाईसाठी माया सोडायला विसरू नये. पुढे अंग भरलं तर तीच उपयोगी पडते.

रंग आधी ठरवा. आपल्या पेटीतल्या साड्या पाहा, त्यांत पुन्हापुन्हा येणारे दोन-तीन रंग काढा आणि तेवढ्याच रंगांचे ब्लाऊज शिवा. तीन साड्यांवर चालतील असे चार ब्लाऊज झाले, की बारा जोड्या तयार होतात. ओटीत आलेले ब्लाऊजपीस ट्रंकेत तळाला पडलेले असतातच, आधी तेच बाहेर काढा. इरकलच्या लाल पदराने आपल्या पणजीला जे सोपं करून दिलं होतं, ते आता आपल्याला रंग निवडून करायचंय.

आणि एक वही ठेवा. कापड किती लागलं, दोरा-हूक कितीचे, वेळ किती गेला, बाहेर शिवलं असतं तर शिलाई किती पडली असती, हे त्यात लिहा. घरच्या शिवणाचा हिशेब आजवर कुणी मांडला नाही, म्हणून ते काम कुणाला कामच वाटलं नाही. बारा महिन्यांनी वहीतला आकडा गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. कुणाला पुढे शिलाई घ्यायची असेल, तर आपला दर काय सांगायचा हे त्या वहीतूनच कळेल.

या महिन्याचा परकर बेतायला घ्या, मैत्रिणींनो. कापड अंथरा, माप टाका, आणि कात्री आपणच चालवा.