एका इंजिनाची उंची

नाशिक रोडजवळच्या गांधीनगर तळावर लष्करी वैमानिक ज्या ‘चीता’ हेलिकॉप्टरवर तयार होतात, त्याचं मूळ फ्रान्समधलं. भारतीय सैन्याला हिमालयात चालेल असं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. त्यातून १९६९ मध्ये ‘लामा’ उडालं. पुढे बंगळुरूच्या एचएएलने ते ‘चीता’ म्हणून बनवलं.

खरी खुबी इंजिनात आहे. ८७० अश्वशक्तीच्या टर्बाइनकडून इथे फक्त ५५० घेतली जाते. विरळ हवेत ताकद घटते, तेव्हा ही शिल्लक कामी येते. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक झाँ बुले लामा घेऊन १२,४४२ मीटरवर पोहोचला. तिथे इंजिन विझलं, पुन्हा सुरूच झालं नाही. खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून तो सुखरूप उतरला.

१९८४ पासून सियाचीनच्या चौक्यांवर रॉकेल पोचवणं आणि जखमींना खाली आणणं चीताने केलं. पण इंजिन बंद पडलं तर उतरायला सपाट जागा लागते आणि हिमनदीवर ती सहसा मिळत नाही.

एचएएलचं नवं हलकं हेलिकॉप्टर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालं. इंजिन त्यालाही एकच. वजन वाचवायचं की दुसरं इंजिन घ्यायचं, हा जुना प्रश्न वैमानिकाच्या जिवाशी अजून तसाच बांधलेला आहे.