'ब्लेझन' : ढालीवरून डंक्यापर्यंत

१/ 'ब्लेझन' या इंग्रजी क्रियापदाचा आज रूढ असलेला अर्थ म्हणजे जगजाहीर करणे, डंका पिटणे. त्याचे मूळ मात्र ढालीत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'ब्लाझाँ' म्हणजे ढाल. तिच्यावरील कुलचिन्हाचे ठरावीक परिभाषेत वर्णन करणे, ते 'ब्लेझन' करणे.

२/ हे वर्णन इतके नेमके असे की, मूळ चित्र न पाहताही चित्रकाराला चिन्ह रेखाटता यावे. उदाहरणार्थ, 'ॲझ्युर, अ बेंड ऑर' : निळ्या ढालीवर सोनेरी तिरपा पट्टा.

३/ १३८५ च्या स्कॉटलंड मोहिमेत स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोघांच्याही ढालींवर हेच चिन्ह आढळले. प्रश्न कुळाच्या इभ्रतीचा होता. खटला उभा राहिला. १३८६ मध्ये कवी जेफ्री चॉसरने स्क्रोपच्या बाजूने साक्ष दिली. १३९० मध्ये राजा दुसऱ्या रिचर्डने अंतिम निवाडा स्क्रोपच्या बाजूने दिला. ग्रोव्हनरने निळ्या ढालीवर गव्हाची सोनेरी पेंढी स्वीकारली.

४/ मग वर्णनाचा डंका कसा झाला? 'ब्लेझ' या निराळ्या मुळाच्या क्रियापदाचा अर्थ होता कर्णा फुंकावा तसे घोषित करणे. त्याची छाया 'ब्लेझन'वर पडली. कुलचिन्ह मुळात इतरांनी ओळखावे म्हणूनच मिरवले जाई. त्यामुळे हा नवा अर्थ त्या शब्दाला सहज मानवला.