राघोबा, आनंदीबाई आणि ‘भाऊबंदकी’

दिवाळीच्या सुटीत पुण्याला पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा दाखवायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज. दिल्ली दरवाजाने आत शिरायचे, जळून गेलेल्या वाड्याची उघडी जोती पाहायची, आणि नारायण दरवाजापाशी आले की घरातल्या वडीलधाऱ्याने आवाज खाली आणून ‘काका, मला वाचवा’ची हकीकत सांगायची. लहान मुले भेदरून आईला चिकटतात. पुतण्याने हाक मारली, काकूने ‘ध’चा ‘मा’ केला, रामशास्त्र्यांनी काकाला देहांत प्रायश्चित्त सांगितले. तीन वाक्यांत गोष्ट संपली. एक भ्याड, एक कैदाशीण आणि एक देवमाणूस!

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले ते ह्याच तिघांना घेऊन. पण नाटक पाहणाऱ्याला घरी जाताना राघोबाचा नुसता संताप येत नाही, आणि खाडिलकरांचे यश मला ह्यातच दिसते. शेक्सपिअर त्यांनी मन लावून वाचला होता. राघोबा आणि आनंदीबाई बोलू लागली की मॅक्बेथ आणि त्याची बायको आठवल्यावाचून राहत नाहीत. तरीही ही माणसे विलायतेहून आणलेली नव्हेत. ती पेशव्यांच्या दप्तरातलीच आहेत.

राघोबादादा भ्याड होता, असे म्हणायला जीभ कशी रेटते कोण जाणे. १७५८ साली ज्याच्या सरदारीखाली मराठी फौज लाहोरात शिरली, तो हा माणूस. १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाच्या फौजेचा धुव्वा उडाला, तेव्हा पुतण्याच्या बरोबरीने लढणाराही हाच. पण मैदानात ज्याचे पाऊल मागे सरत नसे, त्याचे मन घरात एका जागी ठरत नसे. आज राज्याची वाटणी मागावी, उद्या स्नानसंध्येत दिवस घालवीन म्हणावे, परवा पुन्हा फौज जमवावी! थोरल्या माधवरावांनी १७६८ साली धोडपला त्याचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यात आणून नजरकैदेत ठेवले. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला मरणशय्येवरून त्याच माधवरावांनी धाकट्या भावाला ह्याच काकाच्या पदरात घातले. नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचा, स्वभावाने तापट आणि उतावळा. थोड्याच महिन्यांत त्याने काकाला पुन्हा पहाऱ्यात ठेवले. ज्याने अटकेकडे घोडी हाकली, त्याच्या दाराशी आता पुतण्याचे शिपाई! हा अपमान ध्यानी घेतल्यावाचून पुढचे काही उमगायचे नाही.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकाच्या महालात गेला आणि त्याच्या गळ्याला मिठी मारून बसला. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. दोघेही तलवारीखाली गेले. त्या क्षणी राघोबाच्या मनात काय होते? ग्रँट डफने लिहून ठेवले आहे की, पुतण्याला धरण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नव्हे, असे राघोबाने रामशास्त्र्यांपुढे कबूल केले आणि मग आपणच प्रायश्चित्त विचारले. मला ह्या विचारण्याचे मोठे नवल वाटते. पेशवाईची वस्त्रे हाती असलेल्या धन्याला कोण जाब विचारणार होते? तरी तो विचारतो. निगरगट्ट खुनी प्रायश्चित्ताच्या वाटेला जात नाही. आणि खरा पश्चात्तापी असता तर मिळालेले उत्तर ऐकून तो गादीवर बसून राहिला नसता. राघोबाला पाप हवे होते, त्याचे फळ हवे होते, आणि शास्त्रीबुवांनी पाठीवर हातही फिरवायला हवा होता. खाडिलकरांनी हा माणूस नेमका पकडला. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगात नानासाहेब फाटकांनी राघोबा उभा केला, तेव्हा त्याचा डळमळीतपणा प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिला.

त्याच प्रयोगात आनंदीबाई होत्या दुर्गाबाई खोटे. ह्या बाईंविषयी मात्र नाटकाशी थोडे भांडावेसे वाटते. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही हकीकत डफनेही दिली आहे. पण तो फेरफार आनंदीबाईंनीच केला, ह्याला त्याच्यापाशी लोकांच्या समजुतीपलीकडे आधार नाही. मूळ कागद तर आज इतिहासकारांपुढे नाहीच. एवढ्या आधारावर आपण दोनशे वर्षे घराघरांतल्या मानी बायकांना ‘आनंदीबाई’ म्हणून हिणवत आलो! नाटकात आरोप खरा धरला आहे, पण खाडिलकरांनी बाईला राक्षसीण केले नाही, हेही सांगितले पाहिजे. नवऱ्याचे कच्चे मन तिला पुरते ठाऊक आहे. तो कुठे फुलतो, कुठे खचतो हे ती जाणते आणि ढासळू लागला की सावरून धरते. ज्या घरात कर्ता पुरुष वर्षानुवर्षे कैदेत, तिथल्या बाईला हे शिकावेच लागले असेल.

रामशास्त्री ह्या दोघांपुढे एकरंगी वाटण्याचा धोका होता. प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडतात, तिथे टाळ्यांचा कडकडाट व्हायचाच. खरे शास्त्रीबुवा कारभार बारभाईंच्या हाती आल्यावर परत आले आणि १७८९ साली वारले तोवर न्याय देत राहिले. खटले ऐकणे, कागद तपासणे, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. रंगभूमीला हे सोयीचे नाही. मला मात्र ते परत आलेले शास्त्रीबुवा अधिक जवळचे वाटतात.

सांगितलेले प्रायश्चित्त राघोबाने घेतले नाही. १७७५ च्या मार्चमध्ये त्याने सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पेशवेपदासाठी साष्टी नि वसई देऊ केली. वसई त्याच्या सख्ख्या काकाने, चिमाजीअप्पाने, पोर्तुगीजांकडून रक्त सांडून घेतली होती. त्याच साली जानेवारीत धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंना मुलगा झाला. आजोबांचे नाव ठेवले, बाजीराव. राघोबा १७८३ साली कोपरगावी वारला. आनंदीबाई त्यानंतर दहा वर्षे जगल्या. नाशिकजवळ आनंदवल्लीत त्या गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि पुण्याची गादी अजून त्याची झाली नव्हती.