दानदेश कुठे गेला?

एखाद्या शहराचं नाव बदललं की आपल्या मोहल्ल्यांत काही दिवस दुसरा विषय नसतो. ती अस्वस्थता खोटी नाही. मला मात्र अशा वेळी खानदेशातलं एक जुनं नामांतर आठवतं.

जानेवारी 1601 मध्ये असीरगड पडला आणि दोनशेहून अधिक वर्षं चाललेलं फारूकी राज्य संपलं. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं ‘दानदेश’ केलं. काही वर्षांतच दानियाल बुऱ्हाणपुरात वारला. आज धुळ्या-जळगावात दानदेश विचारून पाहा!

रावेरच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडली की ते बुऱ्हाणपूर लागतं. नसीरखान फारूकीने ते वसवलं आणि नाव दिलं खुलदाबादचे सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं. ते तर 1337 मध्येच निवर्तले होते. फरिश्ता सांगतो, की नसीरखानाने त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांना जहागीर देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि गुरूच्या नावाने शहर वसवायला सांगितलं. तारखा जुळत नाहीत. जैनुद्दीन 1369 मध्ये गेले, नसीरखान गादीवर आला 1399 मध्ये. तरीही ही गोष्ट जपणाऱ्यांना मोठेपणा कशात दिसत होता, ते कळतं.

चीनच्या लाओत्सेचा ‘ताओ ते चिंग’ वाचताना मला हे जैनुद्दीन ओळखीचे वाटले. काम झालं की बाजूला व्हावं, पाण्यासारखं खालची जागा घ्यावी, धरून ठेवलेलं निसटतंच, असं तो म्हणतो. सूफींचा ‘फना’ याच्या जवळचा आहे, एक नव्हे. ताओकडे दुआ मागता येत नाही. आपल्याला मात्र ज्याच्याकडे परत जायचंय, तो ऐकणारा आहे. आणि सोडून देणं म्हणजे अन्यायावर गप्प बसणं, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. जहागीर नाकारणं हेही बादशहाला दिलेलं उत्तरच होतं.

धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला फारूकींच्या कबरी आहेत. घराण्याचा पहिला पुरुष मलिक राजा तिथेच दफन आहे. किल्ला ढासळलाय. त्याच्या पायथ्याशी तापी वाहते. दानदेशाच्या काळातही ती इथूनच वाहत होती. तिथे फातिहा पढताना, कबर कोणाची हे विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.